मामाजींनी काहीच दाबलं नव्हतं

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला तर मुळीच नाही — कारण जे घडलं ते तिच्या वडिलांच्या बाबतीत घडलं. एखाद्या मित्राला सांगितली असती, पण गोंदियात मित्राला सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी सासुरवाडीला चहा प्यायला पोहोचते. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही माझ्या सासऱ्यांना ओळखत नाही — नाही ना?

माझं गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सासुरवाडी सडक अर्जुनीची. सासरे — आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात — प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले मास्तर आणि नाटककार. हसू नका. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावी मंडप पडतात आणि हिवाळाभर नाटकं चालतात. त्यांतली काही मामाजींची असतात. पहिल्या अंकात भाऊ भांडतात, दुसऱ्यात सून रडते, मधूनमधून एक बेवडा येऊन सगळ्यांना हसवतो, आणि तिसऱ्या अंकात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. लोक डोळे पुसतात. मीही पुसतो. मामाजी बाजूला बसलेले असतात, म्हणून जरा जास्तच.

मला शेतीतलं काही कळत नाही, चारचौघांत धड बोलता येत नाही. सासरी माझा मान उभा आहे तो एकाच वाक्यावर — ‘आमच्या जवायाले कम्प्युटरचं सगळं समजते.’ मामाजी हे बस स्टँडवर, किराणा दुकानात, कोणी न विचारताही सांगतात. आता हे मी कशाला सांगतोय? सबब म्हणून नाही. पण ते वाक्य त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं, हे खरं आहे.

मामाजी नाटकं लिहायचे एका म्हाताऱ्या कम्प्युटरवर, विंडोज अठ्ठ्याण्णववर, एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामात. त्याची अक्षरं कुठल्या बटणावर आहेत हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मग एका उन्हाळ्यात त्या मशीनमध्ये पाल शिरली. मशीन गेलं, पालही गेली. नव्या नाटकाचे दोन अंक तोवर छापून नाटक मंडळाकडे पोहोचले होते. तिसरा बाकी होता.

मी त्यांना दुसरं मशीन जोडून दिलं. पण नव्या विंडोजवर तो जुना प्रोग्राम चालेना, आणि चाललाच तर ‘आई’ लिहिलं की तीन चौकोन यायचे. नवा कीबोर्ड शिका म्हटलं, तर मामाजी म्हणाले, ‘या वयात मी नवीन बाराखडी कायले शिकू?’ मग मला युक्ती सुचली. मी जुनी विंडोज अख्खीच्या अख्खी, त्यांच्या प्रोग्रामासकट, एका पेन ड्राइव्हवर बसवली. पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन चालू करायचं, की त्यातून अठ्ठ्याण्णव निघते. आतल्या नव्या विंडोजला पत्ताही लागत नाही.

पडद्यावर ते निळं आभाळ आणि पांढरे ढग उघडले तेव्हा मामाजी खुर्चीतून उठले. ‘आली! आली आपली विंडोज!’ सासूबाईंना — मामीजींना — स्वयंपाकघरातून ओढत आणलं. ‘पाह्य, जवायानं मेलेली जिवंत केली!’

आता खरी गोष्ट. सांगतो — जरा दम घेऊन सांगतो.

अशी पेन ड्राइव्हवरची विंडोज चालते ती मशीनच्या मेमरीत चढून. आणि मेमरी म्हणजे वीज आहे तोवर. तुम्ही लिहा, सेव्ह करा, ती ‘सेव्ह झालं’ म्हणेल, फाईलही दाखवेल. पण मशीन बंद पडलं की सगळं साफ. पेन ड्राइव्ह जसा दिला तसाच कोरा करकरीत. लिहिलेलं टिकावं म्हणून पेन ड्राइव्हवर वेगळा कप्पा करून द्यावा लागतो. अर्ध्या तासाचं काम. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मामीजींनी मटण केलं होतं, आणि जेवल्यावर जवायासाठी अंगणात खाट टाकली होती. मी म्हटलं, उठल्यावर करू. उठलो तेव्हा चहा आला. चहानंतर निघालो. मामाजींना एक शब्द सांगितला नाही — अर्धवट काम करून निघालोय, हे जवायानं कसं सांगायचं?

आणि नशीब असं, की मामाजी मशीन बंदच करत नसत. बंद केलं तर परत सुरू होणार नाही, अशी पाल-प्रकरणापासून त्यांना धास्ती. फक्त पडदा बंद करायचे. त्यामुळे तिसरा अंक लिहून होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. रोज सेव्ह करायचे. रोज.

मग एक दिवस दुपारी लाईट गेली, आणि अशी गेली की इन्व्हर्टरनंही हात टेकले.

त्यांचा फोन आला तेव्हा मी एका प्रिंटरमधून कागद ओढत होतो. ‘जवाई, तिसरा अंक कुठी दिसूनच नाही राहिला.’ मला तिथल्या तिथे कळलं. सुनीताला — म्हणजे बायकोला — मागे बसवून गाडी काढली, आणि गोरेगाव गेलं, कोहमाऱ्याचा चौक आला, तरी मी मनात एकच वाक्य घोळवत होतो: मामाजी, चूक माझी आहे. सोपं वाक्य आहे. चार शब्द.

घरात पाऊल टाकलं तर सगळे उभे. मामाजी, मामीजी, आणि नाटक मंडळाचे अध्यक्ष — नटांना भाषणं पाठ करायची होती, म्हणून अंक घ्यायला आलेले. मी खुर्चीत बसलो, उगाच माऊस फिरवला. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. अध्यक्ष म्हणाले, ‘आता जवाईबापू आले, आता भेटते.’

आणि माझ्या तोंडून निघालं — ‘मामाजी, तुम्ही काही दाबलं का?’

झालं. एवढंच. एवढाच माझा गुन्हा आहे, आणि तो तुम्हाला छोटा वाटत असेल तर पुढचं ऐका.

मामाजी रागावले असते, ‘म्या काऊन दाबन?’ म्हणून ओरडले असते, तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण आपल्या बोटांकडे पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, ‘दाबलं असन.’

मामीजी लगेच म्हणाल्या, ‘मी म्हणतच होती! यायले आता काही ध्यानात नाही राहत. परवा चष्मा डोक्यावर आन शोधून राहिले घरभर.’ अहो, चष्मा डोक्यावर ठेवून मीसुद्धा शोधतो. सगळेच शोधतात. पण त्या दिवसापासून मामाजींचा प्रत्येक विसर मोजला जाऊ लागला. रोज सकाळी भिजवलेले बदाम आले. कोणत्या तरी पाल्याचा कडू रस आला. गॅस पेटवायची मनाई झाली. स्कूटरची चावी मामीजींनी तांदळाच्या डब्यात लपवली — आणि कोणत्या डब्यात ते स्वतः विसरल्या. दोन दिवस घर उलटंपालटं झालं, आणि शेवटी चावी मामाजींनीच शोधून दिली. तरी विसराळू कोण? मामाजी.

मग सुनीता म्हणाली, बाबांना गोंदियाला डॉक्टरकडे दाखवू. घेऊन कोण गेलं? मी. माझ्याच गाडीवर, माझ्याच थापेचा इलाज करायला.

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? मामाजींनी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि डोकं शाबूत आहे याचा पुरावा म्हणून आपल्या जुन्या नाटकातलं बेवड्याचं अख्खं भाषण झोकांड्या खात म्हणून दाखवलं. बाहेरचे पेशंट दारात जमले. डॉक्टर हसून म्हणाले, ‘अंकल एकदम फिट हैं.’

परतताना मामाजी मागून म्हणाले, ‘पोरगा आहे थो डॉक्टर. त्याले का समजते? माह्या हातून अंक पुसला गेला, हे त्याले मी सांगितलोच नाही.’

मी म्हटलं, ‘मामाजी, त्या दिवशी...’ तेवढ्यात रायपूरकडचा एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. ‘का म्हणता?’ त्यांनी विचारलं. ट्रक निघून गेला होता. पुढचा रस्ता मोकळा होता, आवाज नव्हता, आणि त्यांनी दुसऱ्यांदाही विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही.’

पुढच्या रविवारी, ‘व्हायरस बघतो’ असं सांगून, मामाजी बाजारात गेले असताना मी पेन ड्राइव्हवर तो कप्पा करून टाकला. अर्धा तासही लागला नाही. तेव्हापासून काही पुसलं जात नाही. आणि याचंही श्रेय मामाजींनी कशाला दिलं माहीत आहे? स्वतःच्या सुधारणेला! आता कुठलंही बटण दाबण्याआधी ते चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात, डावा हात पाठीमागे घेतात — चुकून दुसरं काही दाबलं जाऊ नये म्हणून — आणि एका बोटानं दाबतात. ज्या माणसाची दहा बोटं कीबोर्डवर पळायची, तो माणूस. म्हणतात, ‘ध्यान देऊन काम करतो आता. एक बी फाईल नाही गेली.’

तिसरा अंक त्यांनी पुन्हा लिहिला, आठवून आठवून. त्यात एक नवीन पात्र घातलं — सगळं विसरणारा एक म्हातारा. लोक त्याच्यावर पोट धरून हसले. नाटकाला एकामागून एक गावांची बोलावणी आली. मी म्हटलं, मामाजी, हा अंक फार चांगला जमला. ते म्हणाले, ‘गेलेला याच्याहून चांगला होता.’ मग स्वतःच — ‘असन. माह्या आठवणीचा का भरोसा?’

देवरीकडच्या एका गावात प्रयोगाआधी लेखकाचा सत्कार होता. मामाजींनी माईक घेतला आणि मला स्टेजवर बोलावलं. म्हणाले, या नाटकाचा एक अंक माझ्या हातून नासला. दुसरा कोणी असता तर म्हाताऱ्याला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. ‘पण हा माहा जवाई — मले एक शब्द वाकडा नाही बोलला.’

टाळ्या पडल्या. सुनीतानं पदरानं डोळे पुसले. अध्यक्षांनी मामाजींसाठी आणलेली शाल मामाजींनी स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर टाकली.

मी ती घेतली. फोटोत मी हसतोय. नंतर नाटक बघताना गारठा वाढला तशी मी ती अंगाभोवती नीट लपेटून घेतली, आणि तिसऱ्या अंकात तो म्हातारा आला तेव्हा मामाजींच्या बाजूला बसून सगळ्यांबरोबर हसलो.