मरणासाठी ठेवलेली झोळी

आमच्या दोना झुल्मीराकडे दोन झोळ्या आहेत. एक रोजची, विटक्या निळ्या पट्ट्यांची. तिच्यात ती झोपते, कॉफी पिते आणि गावाला नावं ठेवते. दुसरी पांढरी, तिच्या आईने विणलेली, दोन्ही कडांना वीतभर झालर. ती रबराचा चीक फासलेल्या पिशवीत तोंड बांधून असते. ती मरणासाठी. आमच्या नदीवर माणूस जन्मभर झोळीत झोपतो, आणि जुन्या घरांत मेल्यावरही त्याला झोळीतच गुंडाळून नेतात. अशी राखून ठेवलेली झोळी जिवंतपणी कुणी अंगाखाली घेत नाही. घेतली तर ती आपलं काम लगेच उरकून टाकते म्हणे.

बाई जाईल तिथे ही पिशवी घेऊन जाते. सांत आंतोनियोच्या जत्रेलाही. मी विचारलं, "कोमाद्रे, नाचता नाचता जायचा बेत आहे काय?"

"तुझी बडबड ऐकून माणूस कधीही जाऊ शकतो, कोंपाद्रे. तयारी असलेली बरी."

तिच्या थोरलीचा मी धर्मबाप. म्हणून ती माझी कोमाद्रे, मी तिचा कोंपाद्रे, आणि एकमेकांना असं बोलायचा आम्हाला हक्कच आहे.

बाईचा दुसरा अभिमान म्हणजे छप्पर. ताडपानांचं छप्पर तिच्यासारखं अख्ख्या नदीकाठावर कुणी विणत नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. बाकीचे लोक रानात निळं प्लास्टिक ताणतात. त्यांना ती हसते. "वरून पाऊस, खालून घाम. त्यापेक्षा नदीतच झोपा की!" प्लास्टिकचा तुकडाही ती बरोबर घेत नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघं कास्टान्याची कवचाची फळं वेचायला नदीच्या वरच्या अंगाला रानात गेलो. मी, ती आणि तिचा नवरा आंफ्रीझियो. हे फळ पडतं पावसातच, त्यामुळे वेचायचं पावसातच. गाव दोन दिवस मागे राहिलं. बाईचा जावई आम्हाला मोटारबोटीने सोडून गेला आणि शनिवारी येतो म्हणाला. मुक्कामाला बाईनेच गेल्या वर्षी उभारलेली झोपडी होती. चार खांब, वर छप्पर, भिंत नाही. खांबांना तीन झोळ्या बांधल्या की झाला संसार.

"तीन वर्षं थेंब येणार नाही," ती म्हणाली.

थेंब आला नाही. धारच आली. मंगळवारी संध्याकाळी पहिली सर पडली आणि छपराची गाळणी झाली. पानांना किड्यांनी भोकंच भोकं पाडली होती. मी म्हणालो, "कोमाद्रे, ताऱ्यांसाठी खिडक्या ठेवल्यास की काय?" एरवी तिने मला पळीने हाणलं असतं. ती नुसती वर बघत राहिली.

बुधवार अख्खा पावसात गेला. कापसाची झोळी पाणी पिते आणि मग वाळतच नाही. तिन्ही झोळ्या चिंब, कपडे चिंब, सरपण धुमसणारं. गुरुवारी दुपारी आंफ्रीझियोला हुडहुडी भरली. हिवताप त्याचा जुना सोबती, एक दिवस सोडून दुपारी येणारा. पण कोरड्या घरात येणं वेगळं आणि इथे येणं वेगळं. त्याचे दात एवढे वाजत होते की झोळी बांधलेला खांब हलत होता. गोळी दिली, ती उलटीतून पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. ओठ निळे पडले. अंगाखाली पाण्याने जड झालेलं कापड, वरून थेंब. आम्ही त्याला उचलून चुलीपाशी घेतलं, तर तिथेही चिखल. असाच संध्याकाळपर्यंत राहिला असता तर शनिवारी जावयाला काय दाखवायचं, हे तिघांनाही कळत होतं.

बाईने रबरी पिशवी काढली. हात लावून बघितली. आतली झोळी खडखडीत कोरडी.

"न-नको," आंफ्रीझियो म्हणाला. "त्यात मी जात नाही."

"तुला कोण विचारतंय? पण बांधू कुठे? या छपराखाली पाव तासात तीही भिजेल." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझं छप्पर असं गेलंच कसं? पानं उतरत्या चंद्राची होती."

आंफ्रीझियोने डोळे मिटले. "नव्हती."

"काय?"

"मी चढत्या चंद्रात कापली होती. थांबायला वेळ नव्हता. तुला खोटं सांगितलं."

हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. चढत्या चंद्रात कापलेलं पान गोड असतं, त्याला किडा लागतो. उतरत्या चंद्राची वाट बघायची म्हणजे दहा-बारा दिवस हात बांधून बसायचं. तेवढं जमलं नाही म्हणून तो बायकोशी खोटं बोलला, वर्षभर ते पोटात ठेवलं आणि आता त्याच पानांखाली मरायला टेकला होता. बाई त्याला काय काय बोलेल म्हणून मी कान टवकारले. तिने कोयता घेतला आणि अल्युमिनियमचं पातेलं डोक्यावर पालथं घातलं.

मला कळलं ती कुठे निघाली ते. छपराची पानं ठेंगण्या ताडाची, आणि तो वाढतो कास्टान्याच्याच झाडांखाली. ती झाडं ताडाच्या चौपट उंच, आणि फळ तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं, दगडासारखं कडक. वाऱ्यात त्यांच्याखाली कुणी जात नाही. वारा थांबेपर्यंत वेचणारे झोपडीत बसून राहतात. आणि त्या दुपारी वारा असा होता की लांबून धप्प, धप्प ऐकू येत होतं.

"मी जातो," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण पाय हलले नाहीत.

"तुला पानाची उलट बाजू कळते का सुलट? तू त्याला धरून बस."

धरून बसलो. माझ्या छातीला त्याची थरथर लागत होती. प्रत्येक धप्पला तो विचारायचा, "नुसतं फळ पडलं की ती?" मी म्हणायचो, "फळ." मला काय कळत होतं?

ती एक भारा टाकून गेली. दुसरा टाकून गेली. तिसऱ्यांदा लवकर आली नाही. आंफ्रीझियो रडू लागला. "मी खोटं बोललो, कोंपाद्रे, आणि मार ती खाणार."

आली ती डाव्या हाताने भारा ओढत. उजवा हात लोंबत होता. पातेलं डोक्यावर नव्हतंच. "फळ खांद्यावर बसलं," ती म्हणाली. "पातेलं वाया गेलं. आता ऊठ, कोंपाद्रे, वर चढ. मी सांगते तसं लाव."

सगळं छप्पर झाकायला पानं पुरणार नव्हती. एका झोळीपुरतंच झाकायचं ठरलं. खालच्या ओळीवर वरची ओळ, देठ वर, शेंडा खाली. मी चुकलो की ती खालून शिव्या घालायची, आणि देवाशपथ, त्या शिव्यांनी मला बरं वाटत होतं. पांढरी झोळी बांधली, तर खांबावरून ओघळणारं पाणी दोरीवरून सरळ तिच्याकडे निघालं. "चिंधी बांध! दोरीला, झोळीच्या अलीकडे!" मी शर्ट फाडला आणि दोन्ही दोऱ्यांना चिंध्या बांधल्या. पाणी चिंधीपर्यंत आलं आणि तिच्या टोकावरून खाली ठिबकू लागलं. झोळी कोरडी राहिली.

आंफ्रीझियोचे ओले कपडे काढले. तरी तो अडून बसला. "ती तुझी आहे. तुझ्या मरणाची. मी त्यात गेलो तर संपलो."

बाईने लोंबता हात पोटाशी धरला. तिचाही रंग उतरला होता. तिने वरचं ओलं काढून टाकलं, आधी स्वतः त्या पांढऱ्या झोळीत तिरकी पडली आणि म्हणाली, "ये. सरकले मी. दोघं एकत्र असलो की मरणाला कळायचं नाही कुणासाठी आलंय ते. तोवर तुझी थंडी जाईल."

मी त्याला उचलून तिच्या डाव्या अंगाला ठेवलं. तिने झोळीची कड दोघांवर ओढून घेतली. चिंध्या भरत होत्या. मी एक पिळली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कधीतरी दातांचा आवाज थांबला. मला वाटलं, संपलं. मी जवळ जाऊन वाकलो, तर त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. ताप उतरत होता.

"काय बघतोस मेल्या," बाई डोळे न उघडता म्हणाली. "चिंध्या पीळ."

तिचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. पांढऱ्या झोळीवर आता पिवळा डाग आहे, घामाचा आणि धुराचा. तीनदा नदीत आपटली तरी जात नाही. नवी विणायला हात चालत नाही, म्हणून तीच परत रबरी पिशवीत गेली. आंफ्रीझियो म्हणतो, आता ती निम्मी माझी. ती म्हणते, आधी मरून दाखव, मग वाटणी करू. आणि पानं कापायची झाली की बाई अंगणात उभं राहून चंद्र स्वतः बघते, आणि मलाही साक्षीला बोलावते.