सवतीच्या लग्नातले मांडे

हात गेला तवा मले कोणी विचारलं नाही की दुखते का. विचारलं ते हे, की गाडी निघाली का.

समुद्रापल्याड कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, अन् तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला की माणसं येडी झाली. वलगावच्या अलीकडं आमचं गाव. गव्हाच्या वावरात पऱ्हाटी, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी. ज्याच्या अंगात धड बंडी नव्हती, त्यानं बैलांच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमच्या घरात कापूस, ओसरीवर कापूस, देवाच्या कोनाड्यातबी कापूस. अमरावतीच्या बाजारात ज्याची गाडी आधी, त्याची चैन, म्हणून माहा नवरा गाडी भरे ते उरावर येईपर्यंत. त्या दिवशी भरलेली गाडी दारातल्या उतारावर सरकू लागली. सासू म्हणे, "पाहत काय उभी राहिली? चाकाले दगड लाव." मी वाकून दगड लावला, अन् तवाच बैल मागं सरले. चाकाची लोखंडी धाव उजव्या हातावरून गेली.

नवऱ्यानं पाहिलं. खाली उतरला, माहा हात मोकळा केला, पटक्याचं टोक फाडून त्यावर बांधलं, अन् बैल हाकलले. बाजार चुकला असता ना. तिसऱ्या दिवशी परत आला, माह्यासाठी पेढे घेऊन. ते पेढे मी बैलाले चारले.

दोन बोटं काळी पडून गळाली, तिसरं वाकडं राहिलं. ताप उतरता उतरेना. घरातली कोरडी जागा होती ती कापसाले. मले टाकलं कोठ्यात, बैलांजवळ, शेणामुताच्या वासात. सासू दारातूनच विचारे, "हाय का गेली?" थट्टा नोहे ते. पाण्याचा गडवा आणाचा का नाही, हे तिले ठरवाचं राहे.

मी मेली नाही, अन् त्याचं पुण्य मी कोण्या देवाले देत नाही. मले मांडे कराचे होते, म्हणून मी मेली नाही.

माही माय अकोटाकडची. ती मांडे कराले बसली की शेजारच्या बाया आपली कामं टाकून पाहाले येत. कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत असा फिरे की पाहता पाहता त्याचं धोतराच्या पदरासारखं पातळ पान होई. मग ते चुलीवरच्या पालथ्या खापरावर अल्लद टाकाचं. छिद्र पडलं की संपलं, ते मांडा नोहे, चिंधी. मायनं मले शिकवलं होतं. लहानपणापासून माह्या मनात एकच होतं: भरलं लग्न असावं, पंगतीवर पंगती उठाव्या, अन् सगळे मांडे माह्या एकटीच्या हातचे असावे. हसाल तुमी. कोणाले राज्य पाहिजे, मले एक खापर पाहिजे होतं.

कोठ्यात मी लुगड्याची चिंधी ओली करून तिचा गोळा केला अन् हातावर फिरवू लागली. पहिल्या दिवशी दुखण्यानं ओकली. उजव्या हाताले बोटं नव्हती, मनगट होतं. मग मनगटावरच फेकाची, कोपरानं झेलाची. चिंधी शेणात पडे, धुवाची, परत फेकाची. जखम फुटे, बांधाची, परत फेकाची. सासूनं पाहिलं अन् गावभर सांगितलं, "आमची थोटी कोठ्यात बसून मनात मांडे खाते." बाया मुद्दाम पाहाले येत. या म्हणा. मायलेबी पाहाले येतच होत्या.

दोन वर्षं गेली. मी कोठ्यातून घरात आली, पण चुलीजवळ मले कोणी बसू देईना. एक दिवस सासू तांदूळ निवडता निवडता म्हणे, "याचं दुसरं लग्न ठरवलं. पोरगी भातकुलीकडची हाय." मी नवऱ्याकडं पाहिलं. तो जनावराची दोरी वळून राहिला होता, वळतच राहिला. त्या वर्षी कापसानं गावात कोणाच्या घरी घोडा आणला, कोणाच्या घरी दुसरी बायको.

पण फजिती झाली ते पुढं. वैशाखात घरोघर लग्नं, अन् मांडे करणाऱ्या बाया ज्याच्या त्याच्या घरी आधीच बांधलेल्या. भातकुलीवाल्यांनी त बजावलं होतं, आमरसाबरोबर मांडे पाहिजे, भाकर आमी खाणार नाही. सासू चार गावं फिरली. मग माह्यापाशी येऊन उभी राहिली. मागाची सवय नव्हती बिचारीले.

"तुले जमन का?" म्हणे.

सवत मातीची बी वाईट म्हणतात, अन् मले त जितीच्या लग्नाचं जेवण कराले सांगून राहिली होती. मी नाही म्हणाले पाहिजे होतं, हो का नाही? जो ऐकते तो हेच म्हणते. मी म्हटलं, "जमन. पण चूल माही, खापर माहं. मधात कोणी याचं नाही. अन् आजपासून ते चूल माहीच."

सासू "हो" म्हणे. अडला हरी, दुसरं काय.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून दिवस कलेपर्यंत खापरासमोर बसली. तिकडं नवऱ्याले हळद लावून राहिले होते, वाजा वाजून राहिला होता, अन् इकडं कणीक माह्या थोट्या मनगटावरून उतरून पान होऊन राहिली होती. एकबी फाटला नाही. मी रडली, नवऱ्यासाठी नोहे. मले इतका आनंद झाला होता की मले माहीच भीती वाटली. पंगतीतले म्हातारे विचारत होते, कोणाच्या हातचे? सासू सांगे, "माह्याच हाताखाली शिकली."

नवी पोरगी बारातेराची असन. हळदीच्या हातानंच चार दिवसांनी चुलीजवळ आली. सासूनं पाठवली होती. "बाई," म्हणे, "मले मांडे शिकवा."

सासूच्या पोटातलं मले कळलं. ही शिकली की माहं काम संपलं, मग मी अन् कोठा. म्हणून मी तिले शिकवलं, पण खोटं. मांड्याची कणीक मळून झाली की पाण्यात बुडवून ठेवा लागते, दोन घटका, मग काढून पुन्हा आपटा लागते. त्याशिवाय ते ताणतच नाही. हे मी तिले सांगितलं नाही. सासू विहिरीवर गेली की मी माही कणीक गुपचूप बुडवून ठेवो. पोरीचे मांडे फाटत. सासू फुंकणी उचले, अन् मी भाजी हालवत बसो. एकदा तापलेलीच फुंकणी तिच्या दंडाले लागली. मले वाईट वाटलं, पण इतकंही नाही की खरं सांगावं.

असं बरीच वर्षं चाललं. दूरची लढाई सरली, कापूस पडला, चांदीच्या शेंब्या विकल्या. सासू गेली, मग नवराबी गेला. चूल माही ते माहीच राहिली. सवतीनं मांड्याले पुन्हा हात लावला नाही, अन् मीबी कधी लाव म्हटलं नाही.

यंदाच्या आखाजीच्या सणाले माहा डावा हातही उचलेना. म्हातारपण हाय, दुसरं काही नाही. मी भिंतीले टेकून बसली होती. सवतीनं कणीक मळली, परात पुढं ओढली, अन् गोळा पाण्यात बुडवून ठेवला. मले न विचारता. दोन घटकांनी काढला, आपटला, हातावर घेतला. असा मांडा टाकला की मायनं पाहावं.

मी म्हटलं, "कवा शिकली?"

"पहिल्याच वर्षी, बाई. तुमी कणीक बुडवत होत्या ते मी दाराआडून पाहिलं."

"मग मार काहून खाल्ला?"

तिनं खापरावरचा मांडा उलटला. "माहा मांडा चांगला झाला असता त सासूबाईनं तुमाले कोठ्यात परत नेऊन टाकलं असतं," म्हणे. "तुमी तिथं जगल्या नसत्या."

मले लाज वाटली. खरं सांगते, लाजेच्या आधी राग आला, की एवढी वर्षं या बाईनं मले जगवलं अन् कळूबी दिलं नाही. माह्याजवळ जे एकच माहं होतं, तेबी तिनं मार खाऊन माह्याकडं ठेवलं होतं. तिनं घास तोडला अन् माह्या तोंडात दिला. तिच्या दंडावरचा फुंकणीचा डाग माह्या डोळ्यासमोर होता.

मी म्हटलं, "जाड झाला."

ती "हो बाई" म्हणे, अन् दुसरा घास तोडला.