मोजणीच्या वेळच्या घड्या

खिडकीचा पडदा अर्धाच चढवून झाला होता. म्हणजे मी स्टुलावर, एका हातात दांडी, दातांत दोन कड्या, आणि राहिलेला पडदा माझ्या डोक्यावर. तेवढ्यात दार ढकलून वन्सं आत आल्या. मोजणीच्या वेळेला, लाँड्री सोडून! सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी मी एवढी दचकले नसते. कड्या तोंडातून पडल्या त्या थेट कपाटाखाली.

"काय झालं हो वन्सं?"

"काही नाही. पाणी दे."

ज्यांचं खरंच काही नसतं ती माणसं 'काही नाही' एवढ्या जोरात म्हणत नाहीत. मी खाली उतरले.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला त्यांची लाँड्री आहे आणि लाँड्रीच्या मागच्या भिंतीला लागूनच केंद्राचं कुंपण. फाटकावरच्या पाटीवर 'राष्ट्रीय क्वांटम भौतिकी संशोधन केंद्र' एवढं लांबलचक नाव आहे, पण ते वाचेपर्यंत माणूस फाटक ओलांडून पुढे जातो, म्हणून सगळे नुसतं केंद्रच म्हणतात. परवा त्याच्या वर्धापनदिनानिमित्त वर्तमानपत्रात पानभर मजकूर आला होता. देशाला काय काय मिळालं, जगात कुठे कुठे नाव झालं. सगळं खरंच असेल. पण आमच्या गल्लीला काय मिळालं, ते त्यात नव्हतं. ते मी लिहिते.

आम्हाला शांतता मिळाली. म्हणजे आधी भांडण मिळालं आणि मग शांतता.

केंद्रातल्या मॅडमनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. आत अणूंना इतकं गार करतात, की त्यांची धावपळ जवळजवळ थांबते. मग त्यांना प्रकाशाच्या चिमटीत धरून बघत बसायचं. त्या बघण्यालाच मोजणी म्हणतात. बाहेर कुणी दार आपटलं तरी आतल्या पडद्यावरची रेघ थरथरते. मला हे लगेच पटलं. जपाला बसलं की शेजारच्या घरात चमचा पडला तरी मन उठून बघायला जातं. तिथे अणूची काय कथा!

तर केंद्र नवं नवं असताना त्या रेघेला रोज एक थरथर दिसायला लागली. आत आनंदीआनंद. निसर्गाचं काहीतरी गूढ हाती लागलं म्हणून सगळे जेवणखाण विसरून तिच्यामागे लागले. पुढे मॅडमच्याच लक्षात आलं, की हे निसर्गाचं गूढ दर आठवड्याला एक दिवस सुट्टी घेतं. मग केंद्राच्या कारखान्यातल्या लेथवरच्या कारागिराला थरथर मोजायची पेटी देऊन गल्लीत पाठवलं. तो दारोदार जमिनीवर पेटी टेकवत वन्संच्या लाँड्रीत आला, आणि पेटीतला काटा उडी मारून कडेला जाऊन बसला. वन्संचं कपडे पिळायचं मोठं यंत्र तेव्हा भरात होतं.

"हे बंद करावं लागेल," कारागीर म्हणाला.

"तुमचं केंद्र बंद करा," वन्सं म्हणाल्या. "माझं यंत्र तुमच्या आधीपासून इथे आहे."

दोन्ही बाजूंनी बरंच तोंडसुख घेऊन झाल्यावर तोडगा निघाला. रोज मोजणी सुरू व्हायच्या आधी कारागिराने गल्लीत निरोप द्यायचा. सुताराने रंधा ठेवून सरस लावायचं काम घ्यायचं, गिरणीवाल्याने गिरणी थांबवून पीठ भरायचं, वन्संनी यंत्र थांबवून घड्या-इस्त्री करायची. मोजणी संपली की पुन्हा निरोप. त्या दिवसापासून कारागिराचं नाव पडलं निरोप्या. त्याचं खरं नाव त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरच उरलं असेल.

तेव्हापासून गल्ली बदलली ती बदललीच. दारांच्या चौकटींना जाड लोकरीच्या, नमद्याच्या पट्ट्या लागल्या. मुलं सावकाश चालायला शिकली. इतकी, की शाळेतले गुरुजी विचारायचे, तुमच्या गल्लीत कुणी आजारी असतं का रे सारखं? नवरा-बायकोचा आवाज चढला की शेजारी भिंतीवर बोट वाजवून म्हणतात, "मोजणी चालू आहे हं!" आमचे हे तर माझ्या प्रत्येक उपदेशाला हेच म्हणतात, मग केंद्राला सुट्टी असली तरी.

निरोप्या सगळ्यांत शेवटी लाँड्रीत यायचा आणि मोजणी संपेपर्यंत तिथेच थांबायचा. रिकामं बसणं त्याच्या जिवावर यायचं. एकदा वन्संनी चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला नीट जमत नाही. दोघांनी ताणून धरायची, झटकायची, मग चालत एकमेकांकडे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरायचं. ते रोजचंच झालं. वन्संचं लग्नाचं वय लाँड्री उभी करण्यात निघून गेलं होतं. निरोप्याची बायको फार पूर्वी वारली, मूलबाळ नाही. गल्लीला सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त त्या दोघांना. ह्यांना मी कितीदा म्हटलं, "तुमची बहीण आहे, तुम्ही विचारा." हे म्हणायचे, "मोजणी चालू आहे."

पाणी पिऊन झाल्यावर वन्संनी भांडं आपटलं आणि मग पुन्हा हळूच उचलून नीट ठेवलं. सवय.

"आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणे उद्यापासून निरोप नाही. केंद्रात तरंगती जमीन बसवलीय. आता बाहेर हत्ती नाचले तरी आत कळणार नाही."

"मग बरंच झालं की. दिवसभर यंत्र चालवा."

"हो, बरंच झालं. आणि त्याला दुसऱ्या गावच्या शाखेत बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी म्हटलं, जा. चांगली संधी आहे."

"वन्सं!"

"आणि तो उंबऱ्यावरूनच गेला गं. आत आलाच नाही. चादरी तशाच पडल्यात."

"मग जाऊन सांगा, जाऊ नका म्हणून."

"मी? या वयात? त्या फाटकावर उभी राहून?" वन्सं उठल्या. "तरंगती जमीन म्हणे! बघतेच मी."

मी मागे धावले. हातात पडद्याची दांडी तशीच. लाँड्रीत पोचते तर वन्सं यंत्रात ओली ब्लँकेटं कोंबत होत्या. सगळी एकाच बाजूला. ज्या बाईने जन्मभर कामाला आलेल्या प्रत्येक बाईला 'भार सगळीकडे सारखा पसरा' म्हणून हैराण केलं, ती बाई!

"अहो, मोडेल ते!"

"तिकडची रेघ हलली, की निरोप द्यायला कुणाला पाठवतील?"

वन्संनी खटका दाबला. यंत्र आधी कण्हलं, मग गुरगुरलं, मग चक्क जागा सोडून चालायला लागलं. फळीवरचे साबण खाली आले. खिडकीची काच वाजायला लागली. मी मनात देवाचा धावा सुरू केला, पण नेमकं काय मागावं तेच कळेना. यंत्र थांबू दे म्हणू, की तिकडची रेघ हलू दे म्हणू? शेवटी म्हटलं, देवा, तुला योग्य वाटेल ते कर, फक्त लवकर कर.

बाहेर सुतार धावत आला. "ताई, मोजणी चालू आहे!"

"चालू दे!" वन्सं ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. तो दारातूनच परतला.

आणि तेवढ्यात निरोप्या आला. पायात एकच चप्पल, हाताला लेथचं काळं तेल. आत शिरला तो थेट यंत्राकडे. खटका बंद केला आणि यंत्र मिठी मारून धरून ठेवलं. आतून फटकन आवाज झाला आणि सगळं थांबलं.

वन्संनी पदर सारखा केला. "काय हो केंद्रवाले, हलली वाटतं तुमची रेघ?"

"रेघ?" त्याला धाप लागली होती. "ती सरळच्या सरळ आहे. मॅडम चहा पीत बसल्यात. आत कुणाला पत्ताच नाही."

वन्संचा चेहरा उतरला. "मग तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी कशाला पाठवतंय? भिंतीपलीकडे माझं लेथ. तुमच्या यंत्राचा आवाज रोज ऐकतो मी. आज ऐकला, तो भार एका बाजूला गेल्याचा. तुमच्या हातून असं कधी व्हायचं नाही. म्हटलं, बाईंना भोवळबिवळ आली की काय, पडल्या की काय..." त्याने ब्लँकेटांकडे बघितलं. मग वन्संकडे. "हे मुद्दाम केलंत?"

मी दांडी घेऊन इस्त्रीच्या टेबलामागे सरकले. निघून जावं असं मनात आलं होतं, पण पाय हलेनात. देव क्षमा करो.

"मुद्दाम केलं," वन्सं म्हणाल्या. "जाऊ नका. मघाशी जा म्हटलं ते उगीच."

"हे सांगायला इतकी वर्षं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"रोज ठरवून यायचो. तुम्ही चादरीची टोकं हातात द्यायचात, आणि मग घडी वाकडी होऊ नये याकडेच लक्ष जायचं."

"घड्या वाकड्याच व्हायच्या तुमच्या," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर मी परत घालायचे."

"रोज?"

"रोज."

निरोप्या खदखदून हसला, अगदी मोठ्याने, भर मोजणीत. मग हात धुऊन, पुसून तो चादरींच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिला. वन्संनी एक चादर उचलली. दोघांनी ताणली, झटकली आणि एकमेकांकडे चालत आले. या वेळी मागे सरायला दोघांनीही जरा उशीर केला. मी साबण गोळा करायला घेतले.

घड्या झाल्या तसा तो केंद्राच्या कचेरीत 'येत नाही' म्हणून कळवायला गेला. दुसरी चप्पलही तिकडेच होती. मी म्हटलं, "वन्सं, ह्यांना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"तूच सांग. आणि तो मोजणीबिजणी म्हणाला, तर माझं नाव सांग." त्यांनी यंत्राचं झाकण काढून आत बघितलं. पट्टा तुटला होता. दोन तुकडे मापासाठी पिशवीत टाकले, लाँड्रीची किल्ली माझ्या हातात दिली आणि वन्सं नवा पट्टा आणायला यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या.