डावीकडच्या जड पट्ट्या

संगीताच्या क्लासात सूर किती जमतात ते देव जाणे, किस्से मात्र बुरशीसारखे आपोआप जमतात. त्यात आमचा क्लास लोणावळ्यात, तुंगार्लीला. म्हणजे बुरशीलाही तोटा नाही! क्लास प्रधानबाईंचा. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. भाजीवाल्याच्या तराजूपासून हवामानखात्यापर्यंत सगळ्यांवर त्यांचा संशय. मी त्यांच्याकडे कीबोर्ड शिकवते.

यंदा मी हट्टाने डिजिटल पियानो आणवला. "महिनाभर बघू. पटला नाही तर दुकानदार परत नेणार. तसं कबूल करून घेतलंय," बाई म्हणाल्या, आणि माझा जीव टांगणीला लागला. इतकी वर्षं प्लास्टिकच्या हलक्या पट्ट्यांवर मुलांची बोटं नुसती घसरत होती. आता कुठे शिकवण्यासारखं वाद्य आलं होतं. ते परत गेलं असतं तर मी खरंच रडले असते.

*

पहिल्याच दिवशी बाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या.

"डावीकडच्या जड, उजवीकडच्या हलक्या. माल डिफेक्टिव्ह आहे!"

मी समजावलं. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. खालच्या सुरांच्या हातोड्या मोठ्या, म्हणून डावीकडे जोर जास्त लागतो. आपल्या पियानोत तारा नाहीत, पण बोटांना तसंच वाटावं म्हणून पट्ट्यांना मुद्दाम वजन दिलंय.

"मुद्दाम?" बाईंचे डोळे बारीक झाले. "म्हणजे ठरवून फसवलंय!"

*

दुसऱ्या दिवशी निदान बदललं. खिडकी पियानोच्या डाव्या बाजूला, सबब तिकडून ओल शिरली आणि पट्ट्या फुगल्या!

ओलीवर आमच्याकडे घरोघरी एकच इलाज. कपड्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवायचा. बाईंनी पियानोखाली, डाव्या अंगाला, पिवळा बल्ब लावला. रोज सकाळी आल्या की डावीकडची शेवटची पट्टी दाबायच्या आणि मान हलवायच्या.

"अजून वाळली नाही."

मी दोनदा वाद घातला. मग नाद सोडला.

*

आंदर मावळातले आबा भजनात पेटी वाजवतात. बाजाराला आले की क्लासमध्ये घटकाभर टेकतात. पियानो पाहून ते आधी त्याच्या मागे जाऊन वाकले.

"भाता कुटंय ह्याचा?"

"भाता नाही आबा. पट्टी हळू दाबली की हळू वाजतं, जोरात दाबली की मोठ्यानं."

आबांनी एक पट्टी हळू दाबली, मग जोरात. आणि एकदम हात काढून घेतला.

"म्हंजी मी किती जोर लावला ते ह्याला कळतंय?"

"हो."

"मंग आमी न्हाई बसत. घरात मंडळींना कळतंय तेवढं लय झालं!"

*

महिना संपत आला तसे खालच्या मजल्यावरचे केळकरकाका जिना चढून आले.

"वर सुतार लावलाय का हो? रोज दुपारी ठकठक, ठकठक!"

आता या पियानोला हेडफोन लावला की सूर बाहेर येत नाहीत, पण जड पट्ट्यांची ठकठक खाली जाते, हे मला ठाऊक होतं. पण दुपारी क्लास बंद असतो. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक बाईंकडे. दुपारी मी घरी झोपलेली असते.

त्या संध्याकाळी पियानोपुढे बसले तर स्टूल इतकं खाली केलेलं, की गुडघे पोटाशी आले.

"बाई, दुपारी इथे कोणी येतं का?"

"उंदीर असतील."

"उंदीर हेडफोन लावतात?"

"शेजारच्या मुंबईकरांच्या बंगल्यांतले असतील," बाई अजिबात न हसता म्हणाल्या. "त्यांच्या सवयींचं काही सांगता येत नाही."

*

महिना भरला. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवल्याप्रमाणे दुकानदाराने टेम्पो पाठवला. वलवणचा ड्रायव्हर दोरखंड घेऊन दारात उभा राहिला.

"कशावरून तुम्ही दुकानाचेच?" बाईंनी विचारलं.

त्याने चिठ्ठी दाखवली.

"शिक्का पुसट आहे."

त्याने दुकानदाराला फोन लावून दिला. बाईंनी ऐकलं आणि फोन परत केला.

"आवाज वेगळा वाटतोय."

"ओ मावशी, न्यायचा का न्हाई तेवढं सांगा! खाली टेम्पो आडवा लावलाय."

बाई स्टुलावर बसल्या. स्टूल वरखाली करावं लागलं नाही. पाय बरोबर जमिनीला टेकले. त्यांनी डावीकडची शेवटची पट्टी दाबली आणि सूर विरेपर्यंत दाबून ठेवली.

"डावी बाजू अजून ओली आहे. ओली वस्तू परत देणं आमच्या तत्त्वात बसत नाही. वाळली की कळवू."

"मंग वाळणार कदी?"

बाईंनी वाकून पियानोखालच्या बल्बचं बटण बंद केलं.

"लोणावळ्यात?"