राणी पॉइंट

गेल्या महिन्यात माथेरानला दस्तुरी नाक्यावर घोड्याच्या घामाचा आंबूस वास नाकात शिरला आणि मला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. आमचे हे तेव्हा तिथे घोडेवाले होते. डबा द्यायला मी पायथ्याच्या पोशीर गावाहून वर गेले, ती तशीच त्यांच्यामागे चालत राहिले.

आमच्या राणी घोडीवर एक भलेथोरले शेठ बसले होते. चढावर तिला धाप लागली, तोंडाला फेस आला. हे म्हणाले, "शेठ, जरा उतरा. घोडी दमली."

"पैसे बसायचे दिलेत," शेठ म्हणाले.

गिऱ्हाईक दुखावून चालणार नव्हतं. आमचं घर त्या चार पायांवरच उभं होतं. ह्यांनी घोडी थांबवली. "मग फोटो नाय काढायचा? राणी पॉइंट हाय."

शेठ झटक्यात उतरले. समोर करवंदाची जाळी आणि एक माकड. तरी त्यांनी कमरेवर हात ठेवून तीन फोटो काढून घेतले. तेवढ्यात राणीने निवांत लघवी उरकली. मी पदर तोंडात कोंबून हसत होते, आणि नवरा इतका सराईत खोटारडा निघाला म्हणून धास्तावलेही होते.

आता राणी नाही, ह्यांचे गुडघेही गेले. म्हणून गेल्या महिन्यात ह्यांनाच घोड्यावर बसवलं. त्याच चढावर घोडेवाला थांबला. "काका, उतरा. राणी पॉइंट हाय. जुन्या काळी महाराणी इथं विसाव्याला थांबायची."

हे धापा टाकणाऱ्या घोड्याकडे बघत राहिले. मग गुडघे सावरत उतरले आणि मला म्हणाले, "फोटो काढ गं."