को-पायलटच्या रकान्यातली शाई

माझं अक्षर चांगलं आहे, हीच माझी सगळी अडचण. विश्वास बसत नाही ना? ऐका तर, चहा निवला तरी चालेल.

आमचे हे धुळ्याला एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून. तिथल्या शेटजींनी हौसेनं छोटं विमान घेतलं होतं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पुढे एक पंखा, बस्स. शेटजींच्याच कृपेनं ह्यांनीही उडवायचा साधा परवाना काढला. आता हवा होता मोठा, पगारी वैमानिकाचा. त्यासाठी उड्डाणाच्या वहीत ठरावीक तास भरावे लागत, आणि ह्यांचे कमी पडत होते.

मी घाबरट. बाळ आठ महिन्यांचं. त्याच्या दुधाच्या वेळा मी एका वहीत लिहायची, त्यातच ह्यांच्याही. विमान घरावरून गेलं की 'गेले', परतलं की 'आले'. मधल्या वेळात माझ्या मनात काय काय यायचं, ते मात्र लिहिलेलं नाही.

तर, उड्डाणाच्या वह्या तपासणारे साहेब जळगावला येणार होते. हे कापसाच्या कामासाठी साक्रीला होते, तिथून परस्पर जळगाव गाठणार होते. जाताना मला सांगून गेले, वहीची बेरीज कर आणि घेऊन ये.

बेरीज करताना पाहते तो काय! दर रविवारी हे शेटजींच्या शेजारी बसून उडत, त्यातला एक तासही वहीत नाही. आणि 'को-पायलट' असा छापील रकाना कोरा करकरीत. केवढा हा भिडस्तपणा!

मला शंका आली नाही असं नाही. शंका मला भातातल्या मिठाबद्दलही येते. म्हणून सासूबाईंना विचारलं. त्यांनी क्षणात निकाल दिला, "गाडीमा दोन जन बसनात, तं दोन्ही पोचतस ना? लिख."

लिहिलं. बाळाच्या वहीतल्या वेळा पाहून बावीस नोंदी, सुवाच्य, पक्क्या शाईत. तास पुरून उरले! सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. एस.टी.त शेजारणीनं काही विचारलं नव्हतं, तरी मी तिला सांगितलं की आमच्याकडे आता वैमानिक झाले.

जळगावला धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या खोलीत साहेब बसले होते. साक्रीहून आलेल्या ह्यांना वही उघडायलाही मिळाली नाही, साहेबांनीच हात पुढे केला.

"हे विमान चालवायला माणसं किती लागतात?"

"एक, साहेब."

"मग हा को-पायलट कुठून आला?"

ह्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांनी नियम सांगितला. ज्या विमानाला दोन वैमानिक लागतातच, त्यातलाच दुसरा तो को-पायलट. एकाच्या विमानात शेजारी बसलेला माणूस प्रवासी. त्यानं मध्येच सुकाणूचा दांडा धरला तरी प्रवासी. आणि खोट्या नोंदी केल्या तर हातातला परवानाही जातो.

"साहेब, ह्यांना काही माहीत नाही. मी लिहिलं," म्हणत मी पुरावा म्हणून बाळाची वहीच पुढे केली.

साहेब मोठ्यानं वाचू लागले. "सात दहा, गेले. सात वीस, दूध, निम्मं ओकला. आठ पाच, आले." पुढचं पान. "आज शेटजी नाहीत. एकटेच गेले. देवा." ते थांबले. "ही एकट्याची उड्डाणं तुमच्या वहीत का नाहीत?"

इंजिन दुरुस्तीनंतर चाचणीच्या फेऱ्या होत्या त्या, हे चाचरत म्हणाले, वाटलं कशाला लिहायच्या. साहेबांनी तपासणीसाठी आधीच मागवलेल्या विमानाच्या स्वतःच्या वहीशी एकेक वेळ ताडून पाहिली. जुळली! माझ्या बावीस नोंदींवर लाल रेघ मारली, पण चाचणीचे तास धरले. "तीनच तास उरले. ते पुरे करा आणि पुढच्या महिन्यात या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त दुधाचं लिहा."

पुढच्या रविवारी ह्यांनी त्या तीन तासांतलाच थोडा वेळ उडवताना मला शेजारी बसवलं. उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "वरथीन आपलं घर दिसनं का व?"

"दिसलं ना, स्वच्छ दिसलं," मी म्हणाले.

मग बाळाच्या वहीत ऐटीत लिहिलं, 'को-पायलट, पंधरा मिनिटं.' लगेच साहेब आठवले. खोडलं, आणि खरं ते लिहिलं.

'प्रवासी. डोळे मिटून.'