समोरच्याचं गिऱ्हाईक

त्याचं नाव मी विचारलंच नाही. ब्रह्मपुरीत पोरीसाठी व्हिडिओ गेमचा डबा घ्यायला त्याच्या दुकानात गेलो होतो. पांढरा डबा बाहीने पुसत तो म्हणाला, "समोरच्या दुकानातला काळा घेऊ नका भाऊ. लवकर तापते."

चहा पिऊन मी समोरही विचारायला गेलो, तर काउंटरवर हाच. काळा डबा तितक्याच मायेने पुसत म्हणाला, "हाच घ्या. पांढऱ्यात दम नाई."

"अहो, मघाशी तर तुम्ही…"

"मघाशी मी माह्या दुकानात होतो. इथला मालक जेवाले गेला, मले बसवून गेला. त्याचा धंदा मी काऊन बुडवू?"

मी काळा घेतला. त्याने तो नीट बांधून दिला आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या रिकाम्या दुकानाकडे बघत खिन्नपणे म्हणाला, "आजबी तोच जिंकला."